अण्णांचे मैदान

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून मी माझे विचार मांडतो. संस्थेने मला माझ्या वडिलांविषयी बोलण्यास सांगितले, त्याबद्दल मी आभारी आहे. मी बँकेत कारकून आहे, वक्ता नाही. दिवसभर लोकांच्या खात्यातले आकडे जुळवायचे, हे माझे काम. मुलाने बापाची स्तुती करावी यात विशेष काही नाही, म्हणून अण्णा किती मोठे होते हे मी सांगणार नाही. ते काय करीत होते आणि का करीत होते, एवढेच जमा-खर्चासारखे सरळ मांडतो. कारण ते काम अजून संपलेले नाही.

आमचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले. आजोबा गिरणीत लागले आणि वरळीच्या बी.डी.डी. चाळीत बिऱ्हाड झाले. या चाळी १९२० च्या दशकात सरकारने बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, त्यांपैकी १२१ एकट्या वरळीत. एका इमारतीत ८० खोल्या आणि एक खोली १६० चौरस फुटांची. शौचालय सामाईक. ज्यांनी अशा खोलीत दिवस काढले त्यांना सांगायला नको की मुलगा तिथे फक्त जेवतो आणि झोपतो. तो वाढतो बाहेर. गॅलरीत, जिन्यावर, नाक्यावर किंवा मैदानात. अण्णा नेहमी म्हणत, "आपल्या घराला चौथी भिंत नाही. चौथी भिंत म्हणजे मैदान. ते आपण सांभाळले नाही, तर नाका मुलाला सांभाळील." त्यांच्या सगळ्या समाजसेवेचे मूळ या एका वाक्यात आहे.

अण्णांचा खेळ कबड्डी. क्रिकेटला बॅट लागते, फुटबॉलला बूट लागतात. कबड्डीला दहा-बारा मीटर जमीन, चुन्याची फक्की आणि छातीत दम पुरतो. गिरणगावातल्या पोरांना परवडणारा हा खेळ, हे एक कारण झाले. दुसरे कारण अण्णा जरा थांबून सांगत. ते म्हणत, "हा शिवण्याचा खेळ आहे. दुसऱ्याला शिवल्याशिवाय गुण नाही आणि दुसऱ्याला कवेत घेतल्याशिवाय पकड नाही."

या बोलण्यामागे आमच्या घरचा इतिहास होता. आजोबा विणाईबाहेरच्या खात्यात होते. विणाई खात्यात पगार जास्त, पण तिथले दार अस्पृश्य समाजाला बंद. कारण काय, तर धोट्यातले सूत तुटले की नवीन सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. आमच्या तोंडाची उष्टी धोटी इतर कामगार हातात घेईनात. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला होता. सुताच्या एका टोकाने विटाळ होतो असे मानणाऱ्या शहरात अण्णा वाढले. म्हणून ज्या खेळात ब्राह्मणाच्या, मराठ्याच्या आणि आपल्या पोराच्या हातांची साखळी होते, तो त्यांना नुसता खेळ वाटला नाही.

ते मुलांना पळवणकर बाळूंची गोष्ट सांगत. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज १९११ साली भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. पुण्यात हिंदूंच्या संघाकडून खेळताना मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सगळे झेलत, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू मुंबईत बाबासाहेबांच्या विरुद्ध काँग्रेसतर्फे उभे राहिले आणि पडले. आमच्यातला एखादा मुलगा हमखास विचारी, "अण्णा, मग त्यांचे कौतुक कशाला करायचे?" अण्णांचे उत्तर ठरलेले असे. "मत बाबासाहेबांना. पण टाळी बाळूच्या चेंडूला. ज्याचे त्याला द्यायला शिका."

मित्रहो, १९७४ च्या जानेवारीत वरळीत काय घडले, हे येथील ज्येष्ठांना मी सांगण्याची गरज नाही. ५ जानेवारीला दलित पँथरच्या सभेवर दगडफेक झाली आणि दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव यांचा बळी गेला. तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. अण्णा सव्वीस वर्षांचे होते. पुढचे मी त्यांच्या जुन्या खेळाडूंकडून ऐकले आहे. कित्येक महिने आपल्या चाळीतला मुलगा पलीकडच्या चाळीसमोरून जात नसे आणि तिकडचा इकडे येत नसे. त्याच वर्षाच्या शेवटी पलीकडच्या मंडळाने कबड्डीचे सामने ठेवले. अण्णांनी आपल्या संघाची प्रवेश फी भरली. घरोघरी विरोध झाला. आईने तर दोन दिवस अबोला धरला. अण्णांनी मुलांना एकच सूचना दिली होती, "कुणी काही बोलले तर ऐकायचे. उत्तर चढाईत द्यायचे." सामना झाला. आपला संघ हरला. परंतु दुसऱ्या वर्षी पलीकडचा संघ आपल्या सामन्यांना आला. एका सामन्याने दंगलीच्या जखमा भरून आल्या असे मी म्हणणार नाही, तसे होत नसते. एवढे मात्र झाले की चौदा मुलांना एकमेकांची नावे कळली. नाव माहीत असलेल्या माणसावर दगड उचलणे जरा अवघड जाते.

असाच एक प्रसंग कोकणातल्या एका गावचा. संघ सामन्यांसाठी गेला होता. दुपारच्या जेवणाला आपल्या मुलांची पंगत वेगळी, गोठ्याच्या बाजूला मांडलेली. मुले चिडली. म्हणाली, "अण्णा, सामना सोडू आणि परत जाऊ." अण्णांनी आयोजकांना सांगितले, "आम्ही जेवणार नाही, पण खेळणार." उपाशीपोटी मुले उतरली. शेवटच्या मिनिटापर्यंत झुंजली आणि दोन गुणांनी हरली. रात्री एस.टी. स्टँडवर केळी खाताना एकाने विचारले, "आपण का खेळलो?" अण्णा म्हणाले, "निघून आलो असतो तर त्यांचीच सोय झाली असती. आज चाळीस मिनिटे त्यांना आपल्याला हात लावावा लागला." हा प्रसंग मला सांगणारे गृहस्थ आज निवृत्त आहेत. ते म्हणतात, तो सामना हरलो असे त्यांना आजवर कधी वाटलेले नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. अण्णा त्यांपैकी एक. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही आणि अण्णांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही. पुढे ते एका इमारतीवर रात्रपाळीचे वॉचमन झाले. किशोर गटाच्या सामन्यांना वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. काट्यावर बसायचे म्हणून मुले आदल्या दिवशी जेवण टाळतात, आणि अण्णांना त्याची फार चीड असे. जुने खेळाडू सांगतात, संपाच्या दुसऱ्या वर्षी वजनाच्या वेळी सगळी मुले एका दमात काट्यावरून उतरली. कुणालाच वजन कमी करावे लागले नव्हते. अण्णा काही न बोलता बाजूला जाऊन उभे राहिले. त्यानंतर सरावाअगोदर मूठभर चणे-गूळ वाटण्याची पद्धत सुरू झाली. त्याचे पैसे कोठून येत, हे आईला ठाऊक होते. तिच्या हातातल्या दोन बांगड्या त्या वर्षापासून दिसल्या नाहीत.

संपानंतर खरा धोका उपासमारीपेक्षा वेगळा होता. बाप घरी बसलेला, मुलगा शाळा सोडलेला आणि दुपार रिकामी. त्या काळात गिरणगावातली पुष्कळ तरुण पोरे टोळ्यांच्या हाती लागली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अण्णांनी सरावाची वेळ संध्याकाळी सहाची होती ती दुपारी चारची केली. म्हणत, "पोर बिघडते ते रात्री नाही, दुपारी." रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी झोपेल की नाही? परंतु चार वाजता शिट्टी वाजायची म्हणजे वाजायची. सरावाअगोदर प्रत्येकाने मैदानातले दहा खडे वेचून कडेला टाकायचे. उशीर झाला तर वीस. आमच्या मैदानावर गुडघे फुटण्याचे प्रमाण कमी होते, त्याचे श्रेय या दंडाला आहे.

मी स्वतः कधी चांगला खेळाडू झालो नाही. माझी पहिली चढाई मध्यरेषा ओलांडण्याआधीच दम सुटून संपली. अण्णांनी रागावण्याऐवजी माझ्या हातात गुणपत्रिका दिली आणि म्हणाले, "तू गुण लिही. पण लक्षात ठेव, आपल्या संघाचा एक गुण जास्त लिहिलास तर तो आपण चोरला." बँकेत इतकी वर्षे कॅश आणि लेजर सांभाळताना मला दुसरे प्रशिक्षण लागले नाही.

अण्णांचे एक वेगळेच दफ्तर होते. आमच्या घरी त्यांच्या दोनशे पानी अकरा वह्या आहेत. मुलाचे नाव, चाळ, खोली, इयत्ता, घरात कमावते कोण, जातीचा दाखला आहे की नाही, असे रकाने आखलेले. शेवटचा रकाना 'अडचण'. त्यात त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेले आढळते : चष्मा हवा. फी थकली. बाप पितो. गणित. प्रगतिपुस्तक दाखवल्याशिवाय मैदानात पाय ठेवायचा नाही, हा नियम होता. पण नापास झालेल्या मुलाला त्यांनी कधी हाकलले नाही. त्याला सरावानंतर विहारातल्या अभ्यासिकेत बसवीत आणि दिवाबत्तीचा खर्च स्वतः करीत. शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखले, रात्रशाळेचा प्रवेश, हे सारे त्याच वह्यांतून चाले. १९९० मध्ये केंद्र सरकारने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती लागू केल्या, तेव्हा कोणत्या घरातला कोणता मुलगा अर्ज करू शकतो, याची यादी अण्णांकडे तयार होती.

अडचण सुटली की अण्णा त्या ओळीपुढे लाल शाईने एकच शब्द लिहीत : 'उठला'. हा शब्द कबड्डीतला. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला नियम ठाऊक असेलच. आपला गडी बाद झाला की तो बाहेर बसतो. पण आपल्या संघाने प्रतिस्पर्ध्याचा गडी बाद केला की आपला बसलेला गडी पुन्हा आत येतो, आणि जो पहिला बाद झाला तो पहिला उठतो. सगळा संघ बाद होऊन लोण बसला तरी सातही जण पुन्हा उभे राहतात. बाद झालेला स्वतःहून उठू शकत नाही. त्याला उठवायला आत असलेल्या कुणीतरी गुण मिळवावा लागतो. अण्णांच्या मते समाजसेवा म्हणजे एवढेच. जो आत आहे त्याने खेळायचे ते बाहेर बसलेल्याला उठवण्यासाठी, आणि सुरुवात सर्वांत आधी पडलेल्यापासून करायची. उपाली नाभिकाची कथा ते याच संदर्भात सांगत. शाक्य राजपुत्रांच्या आधी भगवंतांनी उपालीला संघात घेतले, कारण राजपुत्रांनी त्याला वंदन करावे आणि त्यांचा कुळाचा अभिमान गळून पडावा. संघात जो आधी आला तो ज्येष्ठ. आमच्या संघातही बापाच्या हुद्द्यावरून कधी कप्तान ठरला नाही.

खोटे बोलायचे नाही म्हणून सांगतो, त्या अकरा वह्यांत काही नावे अशी आहेत की त्यांच्यापुढे लाल शाई नाही. कुणी टोळीत गेला, कुणी दारूत संपला, एक ऐन विशीत रेल्वे रुळावर गेला. ती नावे अण्णांनी खोडली नाहीत. दर वर्षी नवी वही घेतली की ती नावे ते पहिल्या पानावर पुन्हा लिहीत. आई म्हणे, "गेलेल्यांची नावे कशाला उतरवता?" ते म्हणत, "त्यांचा गुण कुणीतरी मिळवायचा राहिला, हे विसरू नये म्हणून."

१९९५ च्या सुमारास अण्णांनी मुलींचा संघ सुरू केला. तेव्हा पहिली हरकत आपल्याच वडीलधाऱ्यांनी घेतली. मुली मैदानात लोळणार, लोक काय म्हणतील? अण्णांनी सभेत विचारले, "लोक आपल्याला काय म्हणत होते, ते इतक्यात विसरलात?" मुली पहिले वर्षभर सलवार घालून खेळल्या. त्यांतल्या दोघी खेळाडू म्हणून पोलीस दलात लागल्या. त्यांपैकी एक माझी धाकटी बहीण आहे आणि आज ती समोर बसलेली आहे. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत महिलांची कबड्डी प्रथमच आली आणि भारतीय मुलींनी सुवर्णपदक जिंकले. त्या दिवशी अण्णांनी चाळीत पेढे वाटले. त्यांच्या हातून वाटलेले ते शेवटचे पेढे. २०१२ मध्ये ते गेले.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली. मातीतला खेळ मॅटवर आला, दूरदर्शन संचावर आला, खेळाडूंच्या लिलावाचे आकडे वर्तमानपत्रात येऊ लागले. ही आनंदाची गोष्ट आहे. अण्णा असते तर त्यांनीही टाळी वाजवली असती. त्याचबरोबर, लिलावात नाव न आलेल्या हजारो मुलांचे प्रगतिपुस्तक कोण पाहतो, असेही त्यांनी विचारले असते. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, खेळा, पण कागद सांभाळा. २००५ पासून महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. त्यासाठी स्पर्धा मान्यताप्राप्त असावी लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. अण्णा प्रत्येक प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देत आणि बजावत, "मेडल आईला द्या, कागद पेटीत ठेवा."

आता शेवटचा मुद्दा. बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळत आहे आणि वरळीतल्या पहिल्या कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये किल्ल्या मिळाल्या. तीन पिढ्यांनी ज्याची वाट पाहिली ते घडते आहे. स्वयंपाकघर वेगळे, न्हाणीघर वेगळे, दाराला आतून कडी. मी त्या १६० फुटांविषयी गळा काढणार नाही. ज्यांनी तिथे बाळंतपणे आणि मयती काढल्या त्यांना विचारा. पण दार बंद झाले की शेजारच्या मुलाची दुपार कशी जाते, हे दिसेनासे होते. चाळीत ते न विचारता कळत असे. चाळिसाव्या मजल्यावर लिफ्टने जाणाऱ्या मुलाची अडचण कोणत्या वहीत लिहिली जाणार? मैदान नकाशावर राखून ठेवणे हे सरकारचे काम आहे आणि त्यासाठी आपण जागरूक राहिलेच पाहिजे. तथापि नकाशावर मैदान राहिले तरी चार वाजता शिट्टी घेऊन उभा राहणारा माणूस कोणत्याही नकाशात नसतो. तो आपल्यातूनच उभा करावा लागतो.

म्हणून माझी संस्थेला नम्र सूचना आहे. आपल्याकडे नोकरदार आहेत, निवृत्त आहेत, जुने खेळाडू आहेत. प्रत्येकाने आठवड्यातले दोन दिवस, दोन-दोन तास द्यावेत. एकाने सराव घ्यावा, एकाने अभ्यासिका पाहावी, एकाने अर्ज भरून द्यावेत. मुले आणि मुली दोन्ही. आणि केवळ आपल्याच समाजाची नव्हे, त्या इमारतीत राहील त्या प्रत्येकाची, कारण हा शिवण्याचा खेळ आहे. मी शिकवू शकणार नाही, माझा दम किती आहे हे तुम्ही ऐकलेच. पण मी गुण लिहू शकतो. बारावी दोनशे पानी वही मी विकत घेऊन आलो आहे, रकाने आखले आहेत आणि पहिल्या पानावर ती जुनी नावे उतरवून ठेवली आहेत. दुसरे पान कोरे आहे. कार्यक्रम संपल्यावर ज्यांना आपले वार नोंदवायचे असतील त्यांनी माझ्याकडे यावे. लाल पेनही आणले आहे.



जयभीम! जय भारत!